सुटलेले, सोडलेले आणि 'मरून'

इंग्रजीत एखाद्याला वाऱ्यावर सोडायचं असेल तर वाक्प्रचारांची अजिबात टंचाई नाही. 'लेफ्ट इन द लर्च' आहे. तो 'लूर्श' नावाच्या जुन्या फ्रेंच खेळातून आला. सोंगट्यांच्या पटासारखा खेळ, त्यात समोरच्यापेक्षा फारच मागे पडलात की तुम्ही 'लर्च'मध्ये. 'लेफ्ट हाय अँड ड्राय' आहे. तो ओहोटीचा. पाणी उतरलं आणि गलबत वाळूवर अडकलं, बसा आता पुढच्या भरतीची वाट बघत. या दोघांची गोष्ट दोन ओळींत संपते.

पण याच कुटुंबातला तिसरा एक शब्द आहे, त्याची गोष्ट संपता संपत नाही. 'टु बी मरून्ड'.

आपल्याला हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे पावसाळ्यात. नदीला पूर आला, रस्ता वाहून गेला, गावाचा संपर्क तुटला की इंग्रजी पेपरात ते गाव 'मरून्ड' होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अर्धी मुंबई मरून्ड होती. आणि दुसरं ठिकाण म्हणजे आपलं ऑफिस! ऑनसाइट गेलेला टीममेट बर्फामुळे तीन दिवस हॉटेलात अडकला की त्याची मेल येते, 'मरून्ड हिअर'. एखाद्या प्रोजेक्टमधले सगळे सीनियर दुसरीकडे हलवले आणि सपोर्टला एकटं नवीन पोरगं ठेवलं, की ते बिचारंही मरून्डच. (आमच्याकडे दर क्वार्टरला असं एक तरी पोरगं असतं. असो.)

या सगळ्या वाक्यांत एक गोष्ट कॉमन आहे. ज्याचं असं होतं तो स्वतः काहीच करत नाही. त्याला कोणीतरी सोडून गेलेलं असतं, नाहीतर पाण्याने वेढलेलं असतं. शाळेत आपण शिकलो तो कर्मणी प्रयोग.

आणि गंमत म्हणजे हा शब्द जन्मला तेव्हा बरोबर उलटा होता. तो पक्का कर्तरी होता. सोडून दिलेल्यांचा नाही, सोडून गेलेल्यांचा!

आधी रंगाचा निकाल लावून टाकतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांसमोर आत्तापर्यंत मरून रंगाची साडी आली असेल. त्या मरूनचा याच्याशी काही संबंध नाही. तो फ्रेंच 'मारों' म्हणजे चेस्टनट नावाच्या फळाच्या तपकिरी-लाल सालीवरून आला. स्पेलिंग तेच, आडनाव तेच, पण घराणी वेगळी. आणि मराठीत लिहिलं की तिसरंच काहीतरी वाचलं जातं, 'मरून गेला' मधलं मरून. तो निव्वळ योगायोग, पण या गोष्टीत तो अधूनमधून टोचत राहतो.

दावं तोडून गेलेली गुरं

कोलंबसाच्या पाठोपाठ स्पॅनिश लोक कॅरिबियन बेटांवर उतरले. हिस्पॅनिओला हे त्यांचं पहिलं मोठं ठाणं. आज त्याच बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत. त्यांनी येताना गुरं आणि डुकरं आणली. त्यातली काही सुटली, डोंगरात गेली आणि रानटी झाली. अशा जनावराला स्पॅनिशमध्ये शब्द होता 'सिमारॉन'. आपल्याकडे दावं तोडून रानात गेलेल्या गुराला मोकाट म्हणतात ना, तसंच काहीसं. बहुतेक कोशकार या शब्दाचं नातं 'सिमा' म्हणजे डोंगरमाथ्याशी जोडतात. काही अभ्यासकांच्या मते मूळ तिथल्या ताइनो भाषेत आहे, सुटलेल्या बाणाशी संबंधित शब्दात. कुठलंही खरं धरा, दोन्हींत 'सुटणं' आहेच.

मग तोच शब्द माणसांना लागला. आधी स्पॅनिशांच्या वेठबिगारीतून डोंगरात पळालेल्या ताइनो लोकांना. नंतर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना. हे फार लवकर घडलं. १५०३ च्या सुमारासच तिथला गव्हर्नर निकोलास दे ओवांदो स्पेनच्या दरबाराला कळवत होता की आफ्रिकन गुलाम पळून जातात आणि मूळ रहिवाशांना सामील होतात. म्हणजे अमेरिकेतल्या आफ्रिकन गुलामगिरीचा इतिहास आणि तिथून पळून जाण्याचा इतिहास जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो.

शब्द कोणी दिला ते बघा. मालकांनी. आणि तो गुरांच्या खात्यातून उचलून माणसांना लावला. पण जे डोंगरात गेले होते त्यांना खाली काय म्हणतात याची फिकीर नव्हती. ते तिथे घरं बांधत होते, शेती करत होते, मुलं वाढवत होते.

इंग्रजांची या शब्दाशी गाठ पडली ती फ्रान्सिस ड्रेकमुळे. १५७२ मध्ये ड्रेक पनामाच्या किनाऱ्यावर स्पॅनिशांची चांदी लुटायला गेला. नोंब्रे दे दियोसवरचा पहिला हल्ला फसला, तो स्वतः जखमी झाला. पुढे त्याला वाट दाखवली ती तिथल्या सिमारॉन लोकांनी. रानातल्या वाटा त्यांनाच माहीत होत्या आणि स्पॅनिशांशी त्यांचं आधीपासूनच वैर होतं. १५७३ मध्ये त्यांच्याच मदतीने ड्रेकने चांदी घेऊन जाणारा खेचरांचा तांडा लुटला. इंग्रजीत तेव्हा या लोकांना 'सिमरॉन' असंच लिहीत. पुढे फ्रेंचमधून जाताना शब्दाचं डोकं उडालं, 'मारों' उरलं आणि सतराव्या शतकात इंग्रजीत 'मरून' झालं.

जमैकाच्या डोंगरात

१६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जमैका घेतलं. स्पॅनिश मालक पळाले, त्यांचे गुलाम डोंगरात शिरले. पुढे इंग्रजांनी उसाचे मळे वाढवले तसे नवे गुलाम आले आणि त्यातलेही काही डोंगरात जाऊन मिळाले. पूर्वेला ब्ल्यू माउंटन्स, पश्चिमेला कॉकपिट कंट्री. हा दुसरा भाग चुनखडीचा, शेकडो खोल वाडग्यांसारख्या खळग्यांचा. लाल डगल्यातलं सैन्य रांगेत चालवायला इतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. गनिमी कावा म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

१७२८ ते १७३९ अशी जवळजवळ दहा वर्षं लढाई चालली आणि शेवटी इंग्रजांनी तह केला. १ मार्च १७३९. पश्चिमेकडच्या मरूनांचा पुढारी कुजो. त्याच्या लोकांना स्वातंत्र्य आणि १५०० एकर जमीन मिळाली. पूर्वेकडच्यांशीही त्याच वर्षी तह झाला. तिथली नॅनी ही बाई आज जमैकाच्या राष्ट्रीय वीरांपैकी एक आहे, तिचं चित्र तिथल्या नोटेवर आहे.

जगातल्या त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याने पळालेल्या गुलामांशी बरोबरीने बसून तह केला! इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या वाजवून घरी जाता आलं असतं. पण तहात एक कलम होतं. यापुढे जो गुलाम पळून येईल त्याला मरूनांनी पकडून परत द्यायचं आणि गुलामांचं बंड झालं तर सरकारच्या बाजूने लढायचं.

आणि त्यांनी ते पाळलं. १७६० मध्ये टॅकी नावाच्या पुढाऱ्याने जमैकात मोठं बंड केलं. त्याला गोळी घातली ती एका मरून नेमबाजानेच. डोंगराचं दार आतून लावलं गेलं होतं. याला काय म्हणायचं? आपल्या माणसांच्या सुरक्षेसाठी केलेला व्यवहार म्हणता येईल. आणि खाली राहिलेल्यांच्या बाजूने पाहिलं तर वाऱ्यावर सोडणं. मला दोन्ही पटतं आणि म्हणूनच हा भाग वाचताना त्रास होतो.

शब्द उलटा फिरला

आता नामाचं क्रियापद कसं झालं ते बघू. सतराव्या शतकाच्या शेवटी कॅरिबियन समुद्रातले इंग्रज खलाशी 'मरून होणं' म्हणजे रानात हरवणं, उघड्यावर राहणं, अशा अर्थाने वापरू लागले. म्हणजे त्या पळालेल्या लोकांसारखं राहणं. (अमेरिकेच्या दक्षिण भागात तर 'मरूनिंग' म्हणजे चक्क अनेक दिवसांची सहल! डबे, तंबू, नोकरचाकर घेऊन. शब्दांना लाज नसते.)

मग आले चाचे. त्यांच्या जहाजांवर लेखी नियम असत, त्यावर सगळ्यांच्या सह्या असत. साथीदारांना फसवलं, लुटीतला माल लपवला, पळून जायचा बेत केला, तर शिक्षा ठरलेली: ओसाड बेटावर सोडून देणे. जॉन फिलिप्स या चाच्याच्या नियमांत तर सामानाची यादीच आहे. एक बाटली दारूगोळ्याची, एक बाटली पाण्याची, एक बंदूक आणि गोळ्या. १७२४ मध्ये लंडनला चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं, त्यात हे नियम छापले गेले आणि 'मरून करणे' म्हणजे 'ओसाड बेटावर टाकून जाणे' हा अर्थ पक्का झाला.

दोनशे वर्षांपूर्वी ज्या शब्दाचा अर्थ 'मी निघालो' होता, त्याचा अर्थ आता 'ते मला टाकून गेले' झाला. व्हेरिएबलचं नाव तेच आणि व्हॅल्यू बरोबर उलटी. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये हे कोणी पास करणार नाही.

या नव्या अर्थाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे अलेक्झांडर सेलकर्क. स्कॉटिश खलाशी, १७०४ मध्ये जेमतेम अठ्ठावीसचा, म्हणजे आपल्याच वयाचा. 'सिंक पोर्ट्स' जहाज चिलीजवळच्या हुआन फर्नांदेझ बेटांशी थांबलं, तेव्हा जहाज गळतंय, ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. कप्तान स्ट्रॅडलिंग ऐकेना. सेलकर्क हट्टाने म्हणाला की यापेक्षा मी बेटावर राहीन. कप्तानाने ते लगेच मान्य केलं! सेलकर्कचा विचार बदलला तोवर उशीर झाला होता. तो तिथे चार वर्षं चार महिने एकटा राहिला. २ फेब्रुवारी १७०९ ला वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला उचललं. आणि हो, ते जहाज खरंच बुडालं, वाचलेले स्पॅनिशांच्या कैदेत पडले. बग खरा होता, पण बग सांगणाऱ्याचं काय होतं हे आपल्याला माहीत आहेच.

१७१९ मध्ये 'रॉबिन्सन क्रूसो' आलं आणि सेलकर्कची कीर्ती जगभर गेली. १९६६ मध्ये चिलीने त्या बेटाचं नावच रॉबिन्सन क्रूसो बेट केलं. पण त्याच बेटावर त्याच्याआधी एक जण राहून गेला होता, त्याचं नाव सहसा कोणी घेत नाही. विल. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा मिस्किटो जमातीचा माणूस. १६८१ मध्ये तो बकऱ्यांच्या शिकारीला रानात गेलेला असताना स्पॅनिश जहाजं दिसली आणि त्याचे इंग्रज साथीदार त्याला तसाच टाकून पळाले. बंदुकीची दारू संपल्यावर त्याने सुरीला दाते पाडून करवत केली, बंदुकीची नळी कापली आणि त्याच लोखंडाचे भाले आणि गळ बनवले. १६८४ मध्ये जहाज परत आलं, तेव्हा पहिल्यांदा किनाऱ्यावर उडी मारून त्याला भेटला तो त्याच्याच जमातीचा रॉबिन. विल्यम डँपियर या खलाशाने हे सगळं लिहून ठेवलंय. विलला टाकून गेले तेव्हा डँपियर होता, उचललं तेव्हाही होता, आणि सेलकर्कला उचलणाऱ्या जहाजावरही होता!

एक चौरस किलोमीटर

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

१७६१ म्हटलं की आपल्या डोक्यात एकच नाव येतं, पानिपत. त्याच जानेवारीत, पानिपतनंतर दोन दिवसांनी, इंग्रजांनी फ्रेंचांचं पाँडिचेरी घेतलं. इंग्रज-फ्रेंच युद्ध हिंदी महासागरभर चालू होतं. अशात 'युतील' हे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज मादागास्करहून मॉरिशसकडे निघालं. गुलाम आणायला बंदी असताना कप्तान ला फार्गने सुमारे १६० मालागासी माणसं चोरून भरली होती. ३१ जुलैच्या रात्री जहाज एका चिमुकल्या बेटाच्या खडकावर आपटलं. मालागासी माणसं तळात होती, वरची दारं बंद. त्यातली कितीतरी तिथेच बुडाली.

बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. वाळू, प्रवाळ, थोडी झुडपं, समुद्रपक्षी, कासवं. वाचलेल्यांनी विहीर खणली, मोडक्या जहाजाच्या लाकडातून दोन महिन्यांत एक नवी बोट बांधली. बांधायला मालागासी माणसंही राबली. २७ सप्टेंबरला सुमारे सव्वाशे फ्रेंच त्या बोटीत चढले. साठ मालागासी माणसांना जागा नव्हती. त्यांना तीन महिन्यांचं अन्न आणि एक वचन देण्यात आलं: आम्ही परत येऊ.

बोट चार दिवसांत मादागास्करला पोचली. अधिकारी कास्तेलां याने मॉरिशसला जाऊन जहाज पाठवायची विनंती केली. गव्हर्नरने नकार दिला. बंदी मोडून आणलेले गुलाम, वर युद्ध, वेढ्याची भीती. खाणारी तोंडं वाढवायची नव्हती. वचन देणारा माणूस कदाचित प्रामाणिक असेल. पण वचन पाळायचं बजेट त्याच्या हातात नव्हतं.

जहाज आलं २९ नोव्हेंबर १७७६ ला. पंधरा वर्षांनी. बेटावर सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ होतं.

२००६ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मॅक्स गेरू यांच्या पथकाने तिथे उत्खनन केलं. त्यांना जे सापडलं ते वाचताना मी दोनदा थांबलो. प्रवाळाच्या दगडांच्या जाड भिंती. मादागास्करमध्ये दगड हे थडग्यांसाठी, जिवंत माणसाचं घर लाकडाचं. पण वादळात टिकायचं तर दगडच हवा होता, म्हणून त्यांनी रीत मोडली. तांब्याची भांडी, पुन्हा पुन्हा ठिगळं मारून रिव्हेट ठोकलेली. त्या बायकांच्या अंगावर पक्ष्यांच्या पिसांपासून केलेले कपडे होते. जहाजाच्या लाकडांवर त्यांनी पंधरा वर्षं विस्तव जपला होता. हे बसून राहणं नव्हतं. व्याकरणात त्या कर्मणी होत्या, पण रोजच्या जगण्यात पूर्ण कर्तरी.

मॉरिशसला त्यांना स्वतंत्र ठरवण्यात आलं. आणि बेटाला नाव मिळालं ते त्यांना उचलणाऱ्या कप्तानाचं, त्रोमलां. ज्या मॉरिशसला त्यांना विकायला नेत होते, तिथे ल मॉर्न नावाचा डोंगर आहे, पळालेल्या गुलामांचा आसरा. २००८ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून जे करारी मजूर नेले, त्यांच्यात कोकणातली मराठी माणसंही होती. म्हणजे ज्या मळ्यांतून माणसं त्या डोंगरावर पळाली, तिथेच पुढे आपली माणसं राबली.

मरून झालेले मरून

आता परत जमैका. १७९५ मध्ये माँटेगो बे इथे दोन मरूनांना डुकरं चोरल्याबद्दल फटके मारले. मारणारा कोण? त्यांनीच पूर्वी पकडून दिलेल्या पळपुट्यांपैकी एक. अपमान झाला, लढाई पेटली. इंग्रजांनी क्यूबाहून शिकारी कुत्रे मागवले. जनरल वॉलपोलने शरण येणाऱ्यांना वचन दिलं की तुम्हाला बेटाबाहेर पाठवणार नाही. गव्हर्नर बाल्कारसने मुदतीत आले नाहीत असं कारण काढून ते मोडलं. १७९६ मध्ये ट्रेलॉनी टाउनच्या साडेपाचशेच्या आसपास बायका-पुरुष-मुलांना जहाजात घालून कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात, बर्फात नेऊन सोडलं. मरून शब्दशः मरून्ड झाले! जमैकाच्या विधिमंडळाने वॉलपोलला मानाची तलवार देऊ केली, ती त्याने नाकारली. एवढं तरी त्याने केलं.

१८०० मध्ये त्यांना तिथून सिएरा लिओनला हलवलं. आणि उतरल्या उतरल्या काम काय दिलं? तिथल्या काळ्या वसाहतकऱ्यांचं बंड मोडायचं. त्यांनी तेही केलं. फ्रीटाउनमध्ये त्यांचं मरून चर्च आजही उभं आहे.

मराठीत 'सुटणे' आणि 'सोडणे' ही एकाच घरातली क्रियापदं आहेत. सुटतो तो स्वतः, सोडतो तो दुसरा. तो सुटला आणि त्याला सोडला, यात कोणी काय केलं हे आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीने या एका शब्दात ते पुसून टाकलं. माझ्या मते याचं कारण साधं आहे. डोंगरात गेलेले लोक इंग्रजी पुस्तकं लिहीत नव्हते. ती लिहीत होते खलाशी, आणि त्यांना भीती होती बेटावर एकटं पडण्याची. शब्दाचा अर्थ ज्याच्या हातात लेखणी त्याच्या भीतीप्रमाणे फिरला.

पण सगळीकडे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये डच मळ्यांतून पळालेल्यांचे वंशज आजही स्वतःला मरूनच म्हणवतात. त्यातल्या सारामाका लोकांनी १७६२ मध्ये डचांकडून तहाने स्वातंत्र्य मिळवलं. त्यांच्या जंगलात परस्पर लाकूडतोड आणि खाणींचे परवाने दिले गेले, तेव्हा ते सुरिनाम सरकारविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले. २८ नोव्हेंबर २००७ ला निकाल लागला: जमीन त्यांची आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही.

त्यांच्या तोंडी हा शब्द अजून कर्तरीच आहे.